फिरत्या काठीमागचे भोवरे

शेताला पाणी देण्याच्या पाटात एक गोल, सरळ काठी उभी रोवा आणि पाणी जिकडे वाहून जाते त्या बाजूला पाहत राहा. काठीच्या मागचे पाणी स्वस्थ नसते. आधी डाव्या बाजूने एक छोटा भोवरा सुटतो. तो वाहून जातो न जातो तोच उजव्या बाजूने दुसरा सुटतो, मग पुन्हा डावीकडून. पाण्यावर चिमूटभर लाकडाचा भुसा टाकला तर ही नागमोडी रांग स्पष्ट दिसते.

हे दृश्य इतके नेहमीचे आहे की त्यात काही विचारण्यासारखे आहे असे वाटतच नाही. पण जरा थांबून पाहू या. पाटातले पाणी एकसारख्या वेगाने येते आहे. काठी गोल आहे आणि हलत नाही. तिची डावी बाजू आणि उजवी बाजू यांत काहीही फरक नाही. मग भोवरे आळीपाळीने का सुटतात? दोन्ही बाजूंनी एकदम का सुटत नाहीत? किंवा मुळात सुटतातच का? कारण स्थिर असेल तर परिणामही स्थिर असावा, असे आपण वर्गात गृहीत धरतो. इथे ते गृहीत मोडते.

यातूनच दुसरा प्रश्न निघतो. ही काठी जागच्या जागी, स्वतःच्या अक्षाभोवती फिरवली तर भोवऱ्यांचे काय होईल? रवीने ताक घुसळताना भोवरा तयार होतो, हे आपल्याला माहीत असते. त्यामुळे फिरवण्याने भोवरे वाढतील, असेच बहुतेक विद्यार्थी सांगतील. प्रत्यक्षात उलटे घडते. ठरावीक वेगापलीकडे काठी फिरवली की आळीपाळीने सुटणारे भोवरे बंद पडतात. हे का, ते समजून घेण्यासाठी आधी न फिरणाऱ्या काठीकडे नीट पाहायला हवे.

प्रयोगातली चूक की निसर्गाचा नियम?

१९११ सालची गोष्ट. जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या प्रयोगशाळेत कार्ल हीमेंत्स नावाचा विद्यार्थी काम करत होता. वाहत्या पाण्यात एक दंडगोल उभा ठेवून त्याच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी दाब किती पडतो हे मोजायचे, असे त्याचे काम होते. त्यासाठी प्रवाह स्थिर हवा होता. पण दंडगोलामागचे पाणी सारखे डावी-उजवीकडे डोलत राही. दंडगोल पुरेसा गोल नसेल, असे प्रांट्ल यांनी सुचवले. हीमेंत्सने तो काळजीपूर्वक घासून गोल केला. पाणी डोलतच राहिले. मग पाण्याची पन्हळ दोन्ही बाजूंनी अगदी सारखी नसेल, अशी शंका निघाली. तीही दुरुस्त केली. पाणी डोलायचे थांबेना.

त्याच प्रयोगशाळेत थिओडोर फॉन कारमान हे तरुण हंगेरियन शास्त्रज्ञ होते. रोज सकाळी ते हीमेंत्सला विचारत, प्रवाह स्थिर झाला का? आणि रोज तेच उत्तर मिळे, अजून डोलतोच आहे. ही आठवण कारमान यांनी पुढे लिहून ठेवली आहे. शेवटी त्यांच्या मनात आले, की प्रत्येक दुरुस्तीनंतरही जी गोष्ट घडते तिचे कारण यंत्रात नसून प्रवाहातच असले पाहिजे. त्यांनी भोवऱ्यांच्या दोन समांतर रांगांचे गणित मांडले. भोवरे समोरासमोर असतील तर ती मांडणी टिकत नाही, जरा धक्का लागला की विस्कटते, असे उत्तर आले. एका रांगेतला भोवरा दुसऱ्या रांगेतल्या दोन भोवऱ्यांच्या बरोबर मध्ये येईल अशी मांडणी असेल, आणि दोन रांगांमधले अंतर हे एकाच रांगेतल्या लागोपाठच्या भोवऱ्यांमधल्या अंतराच्या ०.२८१ पट असेल, तरच ती टिकू शकते. फ्रान्समध्ये आंरी बेनार यांनी अशा रांगा १९०८ साली प्रयोगात पाहिल्या होत्या, पण टिकण्या-न टिकण्याचे गणित कारमान यांचे. आज या रांगेला ‘कारमान भोवरापथ’ असे म्हणतात.

चार पायऱ्या

प्रवाह केव्हा शांत राहील आणि केव्हा डोलेल, हे एका संख्येवरून ठरते. प्रवाहाचा वेग गुणिले काठीचा व्यास, भागिले द्रवाची गतिक श्यानता (म्हणजे घनतेच्या मानाने त्याचा चिकटपणा), या संख्येला रेनल्ड्स अंक म्हणतात. अंक लहान असेल तर चिकटपणाचे राज्य, मोठा असेल तर जडत्वाचे. साध्या तापमानाच्या पाण्यासाठी हिशेब फार सोपा आहे. वेग सेंटिमीटर प्रतिसेकंदात आणि व्यास सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि त्याला १०० ने गुणा. १ सेंमी. जाडीची काठी आणि दर सेकंदाला १ सेंमी. वेग असेल तर रेनल्ड्स अंक १०० येतो.

हा अंक हळूहळू वाढवत नेला तर काय दिसते?

पहिली पायरी : अंक सुमारे ५ पेक्षा कमी. पाणी काठीला वळसा घालून मागे पुन्हा जुळते. भोवरा नाही.

दुसरी पायरी : सुमारे ५ ते ४७. काठीच्या मागे दोन भोवरे जुळ्यासारखे तयार होतात आणि तिथेच राहतात. प्रवाह स्थिर असतो, डावी-उजवी बाजू सारखी असते.

तिसरी पायरी : सुमारे ४७ च्या पुढे. ही जोडी डोलू लागते आणि भोवरे आळीपाळीने सुटून वाहू लागतात.

चौथी पायरी : सुमारे १९० च्या पुढे. आतापर्यंत काठीच्या लांबीभर सगळीकडे सारखेच दिसणारे भोवरे काठीच्या लांबीच्या दिशेनेही वेडेवाकडे होऊ लागतात. अंक आणखी वाढला की त्यात खळबळ मिसळते, पण आळीपाळीने सुटण्याची लय फार मोठ्या अंकांपर्यंत टिकून राहते.

आपल्या पाटातल्या काठीचा अंक हजारांत असतो. म्हणूनच तिच्यामागे नेहमी भोवरे दिसतात.

अस्थैर्य म्हणजे नेमके काय?

वाटीच्या तळाशी गोटी ठेवा. धक्का दिला तर ती हलून पुन्हा तळाशी येते. आता वाटी उपडी करून तिच्या माथ्यावर गोटी ठेवा. तत्त्वतः ती तिथे राहू शकते, पण श्वासाचा झोत लागला तरी घरंगळते. दोन्ही ठिकाणी समतोल आहे, पण पहिला स्थिर आणि दुसरा अस्थिर आहे.

रेनल्ड्स अंक ४७ च्या पुढे गेला तरी जुळ्या भोवऱ्यांचा स्थिर प्रवाह गणिताच्या दृष्टीने शक्य असतो. पण तो उपड्या वाटीवरच्या गोटीसारखा असतो. पाण्यात कुठे ना कुठे बारीकसा थरकाप असतोच. अंक ४७ च्या खाली असताना असा थरकाप विरून जातो. वर असताना तो वाढत जातो. मात्र तो बेसुमार वाढत नाही. विशिष्ट मापाला येऊन त्याची एक नियमित लय ठरते. हीमेंत्सने दंडगोल कितीही गोल केला असता तरी त्यामुळे फक्त पहिला धक्का लहान झाला असता, डोलणे थांबले नसते.

आता भोवरा सुटतो कसा ते पाहू. कागदावर एक वर्तुळ काढा. ही वरून पाहिलेली काठी. प्रवाह डावीकडून उजवीकडे जातो असे समजा. काठीला लागून असलेला पाण्याचा थर काठीला चिकटून थांबलेला असतो, आणि थोड्या अंतरावरचे पाणी वेगाने पुढे जात असते. या दोहोंमधल्या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. वेगातल्या या फरकामुळे थरातल्या पाण्याला गिरकी मिळते. वर्तुळाच्या वरच्या बाजूला ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने असते, खालच्या बाजूला उलट्या दिशेने. वर्तुळाच्या मागच्या अंगाला दाब पुन्हा वाढू लागतो. सीमास्तरातले मंदावलेले पाणी त्या दाबाविरुद्ध पुढे जाऊ शकत नाही आणि पृष्ठभाग सोडून बाहेर पडते. सुटलेले हे दोन थर काठीमागच्या संथ कप्प्याच्या दोन भिंती बनतात.

समजा, वरचा थर गुंडाळला जाऊन त्याचा भोवरा जरा मोठा झाला. मोठा भोवरा खालच्या थरातले पाणी स्वतःकडे ओढतो. पण त्या पाण्याची गिरकी उलटी असते. ते मध्ये आले की वरच्या भोवऱ्याला मागून मिळणारा पुरवठा तुटतो. भोवरा सुटतो आणि वाहून जातो. आता जागा मोकळी झाल्यामुळे खालचा भोवरा वाढू लागतो, आणि तोही वरच्या थराला ओढून स्वतःचा पुरवठा तोडून घेतो. प्रत्येक भोवरा वाढता वाढताच आपली सुटका ओढवून घेतो. आळीपाळी येते ती यामुळे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवू, ती पुढे उपयोगी पडेल. हे सगळे घडायला काठीच्या मागे संथ, थोडे उलटे वाहणारे पाणी असलेला कप्पा लागतो. वाहत्या प्रवाहात पडलेले पान लगेच दूर जाते, पण काठामागच्या संथ पाण्यात पडलेले पान तिथल्या तिथे फिरत राहते. थरकापाचेही तसेच आहे. वाहत्या पाण्यात तो वाढण्याआधीच दूर नेला जातो. संथ कप्प्यात त्याला वाढायला सवड मिळते.

तारेचे गाणे

जोराचा वारा सुटला की तारा गुणगुणतात. १८७८ साली चेनेक स्ट्रौहाल या बोहेमियातल्या शास्त्रज्ञाने याचा अभ्यास केला. तार हवेत फिरवून निघणारा स्वर त्याने मोजला. स्वर तारेच्या ताणावर नव्हे, तर वेगावर आणि तारेच्या जाडीवर अवलंबून असतो असे त्याला आढळले. आजच्या भाषेत नियम असा : एका बाजूने दर सेकंदाला सुटणारे भोवरे गुणिले व्यास, भागिले वेग, ही संख्या रेनल्ड्स अंकाच्या मोठ्या पल्ल्यात (सुमारे ३०० पासून एक-दोन लाखांपर्यंत) जवळजवळ ०.२ असते. तिला स्ट्रौहाल अंक म्हणतात.

विद्यार्थ्यांना हिशेब करायला लावा. ४ मिलिमीटर जाडीची तार, वाऱ्याचा वेग सेकंदाला १० मीटर. ०.२ × १० ÷ ०.००४ = ५००. म्हणजे दर सेकंदाला ५०० कंपने. हा स्वर कानाला सहज ऐकू येतो. ५ सेंमी. जाडीचा बांबू, पाण्याचा वेग सेकंदाला ५० सेंमी. ०.२ × ५० ÷ ५ = २. दर सेकंदाला दोन वेळा. हे डोळ्यांनी मोजता येते.

प्रत्येक सुटणारा भोवरा काठीला बाजूला हिसका देतो. भोवरे आळीपाळीने सुटतात म्हणून हिसकेही डावी-उजवीकडे आळीपाळीने बसतात. त्यांची लय तारेच्या किंवा धुराड्याच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली तर कंपन वाढत जाते आणि धातू थकून तुटू शकतो. म्हणून उच्चदाबाच्या विजेच्या तारांवर मनोऱ्याजवळ डंबेलसारखी छोटी वजने टांगलेली असतात. ही युक्ती १९२० च्या दशकात अमेरिकेत स्टॉकब्रिज या अभियंत्याने काढली. कारखान्यांच्या काही उंच पोलादी धुराड्यांच्या माथ्याकडे मळसूत्रासारख्या पट्ट्या गुंडाळलेल्या दिसतात, त्या शोभेसाठी नसतात. त्यांच्यामुळे निरनिराळ्या उंचीवर भोवरे एकाच वेळी सुटत नाहीत, आणि हिसक्यांची बेरीज होत नाही. तुमच्या गावाजवळ असे धुराडे असेल तर मुलांना जरूर दाखवा.

अमेरिकेतला टॅकोमा येथील झुलता पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी पडला, त्याचे कारण म्हणून अनेक पुस्तके कारमान भोवऱ्यांचे अनुनादन सांगतात. ते बरोबर नाही. त्या वाऱ्यात भोवरे सेकंदाला सुमारे एक या गतीने सुटत असावेत, आणि पूल मात्र पाच सेकंदांत एकदा पिळवटत होता. पुलाच्या स्वतःच्या हालचालीमुळेच वाऱ्याचे बल वाढत गेले. हे अस्थैर्यच, पण वेगळ्या जातीचे. बिलाह आणि स्कॅनलन यांनी १९९१ साली हा मुद्दा सविस्तर मांडला. शिकवताना तेवढी काळजी घ्यावी.

आता काठी फिरवू

वर्तुळाचे तेच चित्र पुन्हा घ्या. काठी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आहे असे समजा. तिची वरची बाजू प्रवाहाबरोबर जाते, खालची बाजू प्रवाहाविरुद्ध. वर पाण्याला सोबत मिळते, खाली विरोध. वरच्या बाजूला पाण्याचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. पाणी काठीला अधिक वेळ चिकटून राहते आणि मागे खालच्या दिशेने वळवले जाते. पाणी खाली ढकलले गेले म्हणजे काठीवर वरच्या दिशेने बल आले. यालाच मॅग्नस परिणाम म्हणतात. तोफगोळे वाट का सोडतात याचा शोध घेताना गुस्टाव्ह मॅग्नस यांनी १८५२ साली यावर प्रयोग केले होते. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्याआधी हवेतच बाजूला सरकतो, त्यातही हाच परिणाम असतो.

पाठ्यपुस्तके साधारणपणे इथे थांबतात. चित्रात गुळगुळीत प्रवाहरेषा काढलेल्या असतात आणि भोवऱ्यांचा पत्ताच नसतो. पण काठी हळू फिरत असेल तर भोवरे सुटतच असतात. मग चित्र खरे केव्हा होते?

त्यासाठी आणखी एक संख्या लागते. काठीच्या पृष्ठभागाचा वेग भागिले प्रवाहाचा वेग, याला आपण परिवलन गुणोत्तर म्हणू. गुणोत्तर ० म्हणजे काठी स्थिर. गुणोत्तर १ म्हणजे पृष्ठभाग आणि प्रवाह सारख्याच वेगाने जातात.

आय.आय.टी. कानपूर येथील संजय मित्तल आणि भास्कर कुमार यांनी या प्रश्नाचे संगणकावर बारकाईने गणित केले आणि ते २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी रेनल्ड्स अंक २०० घेतला आणि परिवलन गुणोत्तर ० पासून ५ पर्यंत वाढवत नेले. गुणोत्तर १.९१ पेक्षा कमी असेपर्यंत भोवरे आळीपाळीने सुटत राहिले. त्यापुढे ते थांबले आणि प्रवाह स्थिर झाला. १ सेंमी. जाडीची काठी आणि सेकंदाला २ सेंमी. वाहणारे पाणी घेतले तर हे गुणोत्तर गाठायला काठी सेकंदाला साधारण सव्वा वेळा फिरवावी लागेल. हातानेही सहज जमेल इतकाच हा वेग आहे. रेनल्ड्स अंक याहून कमी असेल तर भोवरे थांबवायला आणखी कमी गुणोत्तर पुरते.

भोवरे थांबतात कसे? आळीपाळीच्या खेळाला दोन जवळपास तुल्यबळ थर आणि त्यांच्यामध्ये संथ पाण्याचा कप्पा लागतो, हे आपण पाहिले. फिरणाऱ्या काठीने नेमक्या याच गोष्टी बिघडतात. वरच्या बाजूचा थर पृष्ठभाग लवकर सोडत नाही. काठीलगतचे पाणी तिच्याबरोबर गोल फिरू लागते. मागचा कप्पा एका बाजूला ढकलला जातो, आक्रसतो आणि शेवटी नाहीसा होतो. दोन्ही थर एकमेकांजवळ येऊन निमुळत्या पट्ट्यासारखे वाहू लागतात. त्यांच्या उलट्या गिरक्या एकमेकींत मिसळून क्षीण होतात. थरकाप आजही असतोच, पण त्याला वाढायला संथ जागा राहत नाही. गोटी पुन्हा सुलट्या वाटीत आली, असे समजा.

गोष्ट इथे संपत नाही

पृष्ठभाग आणखी वेगाने फिरवला तर प्रवाह अधिकच स्थिर होईल, असे वाटणे साहजिक आहे. कानपूरच्या गणितात तसे झाले नाही. गुणोत्तर ४.३४ ते ४.७० या अरुंद पट्ट्यात प्रवाह पुन्हा अस्थिर झाला, आणि ४.७० च्या पुढे पुन्हा शांत झाला. मधल्या पट्ट्यातले भोवरे मात्र निराळे होते. ते एकाच बाजूने आणि एकाच दिशेची गिरकी घेऊन, एकामागून एक सुटत होते, तेही फार सावकाश. रेनल्ड्स अंक १०० साठी स्तोयकोविच, ब्रॉयर आणि डुर्स्ट यांच्या २००२ सालच्या गणितातही, थोड्या वेगळ्या गुणोत्तरांना, असाच पट्टा आढळला होता.

इतक्या वेगात काठीभोवती पाण्याचे एक जाड वेटोळे तिच्याबरोबर फिरत असते. प्रवाह जिथे क्षणभर थबकतो ती जागा आता काठीच्या पृष्ठभागावर नसते, काठीपासून सुटून बाहेर पाण्यात असते. तिच्या आसपास गिरकी हळूहळू साठत जाते, साठा फार झाला की एक भोवरा निसटतो आणि पुन्हा साठवण सुरू होते. नळाच्या तोंडाशी थेंब फुगत जाऊन शेवटी गळतो, तसेच काहीसे हे आहे. इथे दोन बाजूंची झुंज नसते, म्हणून आळीपाळीही नसते.

एक सावधगिरी हवी. ही गणिते सपाट, म्हणजे द्विमितीय प्रवाहाची आहेत. खऱ्या काठीला टोके असतात आणि तिच्या लांबीच्या दिशेनेही प्रवाह बिघडू शकतो. म्हणून हे आकडे मोठ्या यंत्रांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

अशी मोठी यंत्रे आहेत. जर्मनीच्या आंटोन फ्लेटनर यांनी १९२४ साली ‘बुकाऊ’ या जहाजावर शिडांच्या जागी सुमारे १५ मीटर उंचीचे दोन फिरते दंडगोल बसवले. १९२६ साली ‘बाडेन-बाडेन’ या नव्या नावाने या जहाजाने अटलांटिक महासागर पार केला. पुढे स्वस्त तेलापुढे ही कल्पना मागे पडली. इंधन वाचवण्याची गरज भासू लागल्यावर ती परत आली. २०१० साली ‘ई-शिप १’ या मालवाहू जहाजावर २७ मीटर उंचीचे चार दंडगोल बसले, आणि २०१८ साली ‘मेर्स्क पेलिकन’ या तेलवाहू जहाजावर ३० मीटर उंचीचे दोन. या दंडगोलांचा रेनल्ड्स अंक लाखांच्या घरात जातो. तरी दंडगोल वेगाने फिरवायचा, त्यामागची वाट आवळायची आणि एका बाजूला बल मिळवायचे, हे तत्त्व तेच.

वर्गात करून पाहा

निदान अर्धा मीटर लांबीचा उथळ ट्रे घ्या. आतून काळा रंग असेल तर उत्तम. त्यात ५ ते ६ सेंमी. पाणी भरा. मोत्यासारखी झाक असलेला थोडा शाम्पू पाण्यात हलकेच, फेस न येऊ देता मिसळा. त्यातले चकाकणारे बारीक कण प्रवाहाची दिशा दाखवतात. शाम्पू नसेल तर पाण्यावर चिमूटभर हळद भुरभुरा.

१ सेंमी. जाडीची गोल कांडी पाण्यात उभी धरून सेकंदाला सुमारे २ सेंमी. या वेगाने सरळ ओढा. ४० सेंमी. अंतराला २० सेकंद लागले पाहिजेत. एकाने मोठ्याने आकडे मोजावेत. इथे पाणी स्थिर आणि काठी चालती आहे, पण काठीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. मागे नागमोडी रांग दिसेल. जुळे, न सुटणारे भोवरे पाहायचे असतील तर २ ते ३ मिलिमीटर जाडीची काडी घ्या आणि सेकंदाला १ सेंमी. वेगाने ओढा.

आता काठी फिरवण्याची युक्ती. सायकलच्या चाकाचा आरा सुमारे २ मिलिमीटर जाडीचा असतो. तो कांडीच्या बरोबर मध्यातून घट्ट बसवा आणि वर निघालेल्या भागावर कागदाची पट्टी गुंडाळून ५ मिलिमीटर जाडीचे रीळ करा. आऱ्याचे वरचे टोक बॉलपेनच्या रिकाम्या नळीत सैल बसवा आणि नळी हातात उभी धरा. रिळावर दोरा गुंडाळून त्याचे मोकळे टोक ट्रेच्या एका कडेला बांधा. आता नळी धरून कांडी दुसऱ्या टोकाकडे ओढली की दोरा उलगडतो आणि कांडी आपोआप फिरते. जितके अंतर कांडी जाते तितकाच दोरा उलगडतो, म्हणून रिळाच्या पृष्ठभागाचा वेग ओढण्याच्या वेगाइतका असतो. कांडी रिळाच्या दुप्पट जाड आहे, म्हणून तिच्या पृष्ठभागाचा वेग दुप्पट. हात थोडा मागे-पुढे झाला तरी परिवलन गुणोत्तर २ च राहते. १० मिलिमीटरचे रीळ केले तर गुणोत्तर १, आणि ३.३ मिलिमीटरचे केले तर ३. हे असे का, ते विद्यार्थ्यांनाच सिद्ध करू द्या.

सुरुवातीला एक मोठा भोवरा मागे राहील, तो मोजू नका. तो काठी निघाल्याचा भोवरा आहे. त्यानंतर गुणोत्तर ०, १, २ आणि ३ साठी काय दिसते ते लिहून ठेवा. रांग कोणत्या बाजूला झुकते, हे आधी ओळखायला सांगा. दोन प्रयोगांच्या मध्ये पाणी तीन-चार मिनिटे शांत होऊ द्या. ट्रेचा तळ आणि पाण्याचा पृष्ठभाग यांचाही परिणाम होत असल्याने नेमका १.९ हा आकडा मिळणार नाही. सावकाश सुटणारे एकाच बाजूचे भोवरे पाहायला तर हा ट्रे पुरणारच नाही. पण १ आणि ३ या गुणोत्तरांमधला फरक दिसायला हवा.

आणि समजा एखाद्या गटाला अपेक्षेपेक्षा वेगळेच काही दिसले, तर वहीत लगेच ‘प्रयोगातील त्रुटी’ असे लिहू देऊ नका. आधी कांडी सरळ करा, दोरा तपासा, पाणी स्वस्थ होऊ द्या आणि पुन्हा करून पाहा. हीमेंत्सने हेच केले. बहुतेक वेळा चूक सापडेल. एवढे सगळे करूनही पाणी आपलाच हट्ट धरून राहिले, तर मात्र त्याचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे.